सेकंदाला तीन चमचे

चहाचा एक चमचा भरून पाणी घ्या. पाच मिलीलीटर. आता मनातल्या मनात त्या पाण्याचे ढगातल्या थेंबाएवढे बारीक थेंब पाडायला लागा. ढगातला मध्यम थेंब 20 मायक्रॉन रुंदीचा असतो, म्हणजे मिलीमीटरचा पन्नासावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड. या मापाने त्या एका चमच्यातून 119 कोटी थेंब निघतात. 2011 च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या 121 कोटी भरली होती. साऱ्या देशाला माणशी एक थेंब वाटायचा ठरवला, तर चमचाभर पाणी जवळजवळ पुरतं.

हा चमचा आपण शेवटपर्यंत हातात ठेवू. उडत्या विमानावर बर्फ चढतो आणि त्यातून छोटी विमानं कोसळतात, हे प्रकरण समजून घ्यायला त्याच्याएवढं सोयीचं माप मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी ढगाकडे बघू. थंड प्रदेशातल्या पसरट, थरांच्या ढगात एका घनमीटरमध्ये साधारण पाव ते अर्धा ग्रॅम पाणी असतं. आपण अर्धा ग्रॅम धरू. चमच्याचा दहावा भाग. म्हणजे कपाटाएवढ्या जागेत 12 कोटी थेंब, आणि तरी ती जागा जवळजवळ रिकामीच. हेच पाणी एक किलोमीटर लांब, रुंद नि उंच ढगात मोजलं तर 500 टन भरतं, पाच टनी शंभर हत्तींएवढं. एवढं वजन डोक्यावर तरंगत राहतं, कारण 20 मायक्रॉनचा थेंब सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर खाली येतो. 3,000 फूट उतरायला त्याला 21 तास लागतील, आणि तेवढ्यात वारा त्याला पुन्हा वर नेतो.

आता या ढगाचं तापमान शून्याखाली 10 अंश आहे असं समजा. शाळेत शिकल्याप्रमाणे सगळे थेंब गोठून बर्फ व्हायला हवेत. ते होत नाहीत. पाण्याला बर्फ व्हायला एखादा कण लागतो, ज्याच्या अंगावर स्फटिकाची पहिली ओळ बसेल: विशिष्ट मातीची धूळ, काही जिवाणू, असं काहीतरी. असे कण हवेत फार दुर्मीळ. उणे 20 अंशांनासुद्धा लीटरभर हवेत सरासरी एखादाच कामाचा कण सापडतो, आणि आपल्या ढगाच्या लीटरभर हवेत थेंब आहेत 1 लाख 20 हजार. म्हणजे लाखभर थेंबांत एखाद्याचंच नशीब उघडतं. बाकीचे उणे 10, उणे 15, उणे 20 अंशांना पाणीच राहतात. कणाच्या मदतीवाचून, आपलं आपण गोठायला त्यांना उणे 38-40 पर्यंत खाली जावं लागतं. फ्रीजरमध्ये ठेवलेली पाण्याची बाटली कधीकधी पातळच निघते आणि ओट्यावर जरा आपटली की डोळ्यांदेखत पांढरी होते, ते हेच अतिशीत पाणी. ढगातल्या त्या 12 कोटी थेंबांनाही फक्त आपटायला काहीतरी हवं असतं.

मग तिथे एक विमान येतं.

सेसना 172 घेऊ. जगात सर्वांत जास्त बनलेलं छोटं विमान, चार जणांचं, एका इंजिनाचं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 11 मीटर, जाडी साधारण वीतभर. समोरून पाहिलं तर पंख सुमारे दोन चौरस मीटरची पट्टी दिसतात. वेग ताशी 220 किलोमीटर धरला, तर ही पट्टी दर सेकंदाला 120 घनमीटर ढग कापत जाते. त्यात 1,400 कोटींहून अधिक थेंब आहेत. बरेचसे हवेच्या लाटेबरोबर पंखावरून-खालून सटकतात. चौथा हिस्सा सटकू शकत नाही, असा ठोकताळा धरू. म्हणजे सेकंदाला साधारण 360 कोटी थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर येऊन आदळतात. एका सेकंदात भारताच्या लोकसंख्येच्या अडीच-तीन पट टकरा, आणि तेवढ्याच वेळा पाण्याचा बर्फ.

चमच्याच्या मापात हे किती झालं? सेकंदाला तीन चमचे.

दहा मिनिटांत पंखांवर नऊ किलो बर्फ जमतो. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. त्याच्या दोन तृतीयांशाहून कमी. सेसना 172 ला स्वतःसकट एकूण सुमारे 1,100 किलो वजनाने उडायला परवानगी असते, आणि त्याच दहा मिनिटांत ती चारेक किलो पेट्रोल जाळून हलकीही होते. मग कोटींच्या त्या सगळ्या आकड्यांचं पर्यवसान फक्त पाच किलोंच्या फरकात झालं? विमानावर बर्फ चढला म्हणजे ते जड होऊन पडलं, असं बहुतेकांना वाटतं, आणि मलाही अनेक वर्षं तसंच वाटत होतं. हा हिशेब करून पाहिल्यावर ती समजूत टिकत नाही.

थेंबांनी विमानाचं वजन फारसं बदललं नाही. त्यांनी पंखाचा आकार बदलला. पंखाची पुढची कड आणि तिच्यामागचा वरचा पृष्ठभाग यांच्यावरून हवा चिकटून, न फाटता वाहिली तरच विमानाला लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, मिळते. त्या पृष्ठभागावर सुताराच्या जाड्याभरड्या पॉलिश पेपरएवढा खरखरीतपणा आला, की लिफ्ट 30 टक्क्यांपर्यंत घटते आणि हवेचा अडथळा 40 टक्क्यांपर्यंत वाढतो. वाऱ्याच्या बोगद्यांत आणि प्रत्यक्ष उड्डाणांत मोजलेले हे आकडे अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी पुन्हा पुन्हा छापले आहेत. बर्फ आणखी वाढला तर अडथळा 80 टक्के किंवा त्याहून जास्त वाढतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. रात्रभर उघड्यावर उभ्या विमानाच्या पंखावर असा पांढरा थर चढला, तर उड्डाणाआधी तो पुसावाच लागतो. फोटोत सुंदर दिसणारा तो थर पंखावरचा पॉलिश पेपर असतो.

आपल्या ढगात पंखाच्या कडेवर बर्फ मिनिटाला साधारण एक मिलीमीटर जाडीने वाढतो. म्हणजे भरड पॉलिश पेपरच्या दाण्याएवढी उंची गाठायला अर्धं मिनिटही लागत नाही. तासाला हे 60 मिलीमीटर होतात, आणि वैमानिकांच्या प्रतवारीत हा ‘मध्यम’ बर्फ. ‘तीव्र’ म्हणायला तासाला 75 मिलीमीटरांच्या वर जावं लागतं. मध्यम हा शब्द ऐकायला किती निरुपद्रवी आहे!

लिफ्ट 30 टक्के घटली म्हणजे काय होतं, तेही आकड्यांत बघू. ज्या वेगाखाली पंख विमान तोलू शकत नाही तो स्टॉलचा वेग जवळजवळ वीस टक्क्यांनी वर सरकतो. ताशी 93 किलोमीटरला स्टॉल होणारं विमान 111 ला होतं. त्याच वेळी अडथळा वाढल्यामुळे त्याचा धावण्याचा वेग उतरत असतो. एक रेषा खालून वर येते, दुसरी वरून खाली, आणि वैमानिक त्या दोन रेषांच्या मधल्या, आकसत जाणाऱ्या पट्टीत उडत असतो. धोक्याचा भोंगा त्याला वाचवेलच असं नाही. स्टॉलची पूर्वसूचना देणारं यंत्र स्वच्छ पंखाच्या हिशेबाने लावलेलं असतं. बर्फाळ पंख त्याआधीच दगा देतो, आणि भोंगा गप्पच राहतो.

पुढे पंखा (प्रॉपेलर) आहे. तो मिनिटाला 2,400 फेरे घेतो, सेकंदाला 40. पात्यावर मध्यापासून अर्धा मीटर अंतरावर चार चमचे, म्हणजे 20 ग्रॅम बर्फ बसला आहे असं धरा. तिथे बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सव्वातीन हजार पट असतो. ते 20 ग्रॅम पात्याला 64 किलो वजनाच्या जोराने ओढतात. दोन्ही पात्यांवर सारखा बर्फ आहे तोवर ओढ एकमेकींना तोलून धरते. एका पात्यावरचा निसटला आणि दुसऱ्यावरचा राहिला, की एक मोठं माणूस इंजिनाच्या दांड्याला लोंबकळून सेकंदाला चाळीस वेळा गरगरतंय अशी अवस्था. कॉकपिटमधली प्रत्येक काच, प्रत्येक काटा थरथरू लागतो.

आणि शेपटी. बारीक कडेवर बर्फ जाड कडेपेक्षा भरभर चढतो, कारण रुंद वस्तू हवेला आधीच बाजूला सारते आणि बारीक वस्तूला ते जमत नाही. म्हणून बर्फ सगळ्यांत आधी दिसतो तो अँटेनावर आणि काचेबाहेरच्या तापमापकाच्या काडीवर. शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखापेक्षा बारीक असतो, त्यामुळे तिथला थर जास्त जाड असू शकतो. तो बसल्या जागेवरून दिसत नाही.

थेंब आदळताक्षणी पूर्ण गोठतो, असंही नाही. ग्रॅमभर पाण्याचा बर्फ होताना 80 कॅलरी उष्णता बाहेर पडते. उणे 10 अंशांच्या थेंबात थंडीची शिल्लक फक्त दहा कॅलरींची. म्हणून आदळल्याबरोबर त्याचा आठवा भागच गोठतो. बाकीचं पाणी शून्य अंशाला येऊन पंखावरून मागे वाहत जातं आणि वाटेत उष्णता गमावत गोठतं. थेंब बारीक नि गारठलेला असेल तर जागीच गोठतो. तो पांढरा, ठिसूळ राइम आइस. थेंब मोठा असेल तर काचेसारखा पारदर्शक, घट्ट क्लिअर आइस, आणि तो पुढच्या कडेपुरता राहत नाही. मागे सरकलेल्या या बर्फाने काय होतं, हे 31 ऑक्टोबर 1994 ला इंडियानामधल्या रोझलॉन गावाजवळ दिसलं.

अमेरिकन ईगलचं ते एटीआर 72 इंडियानापोलिसहून शिकागोला निघालं होतं. हे काही चार आसनी विमान नव्हे, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं, आत 68 माणसं. पण छोट्या विमानांचं बर्फाविषयीचं सगळं शहाणपण त्या दुपारनंतर बदललं, म्हणून इथे थांबायलाच हवं. शिकागोला गर्दी होती. विमानाला 10,000 फुटांवर अर्ध्या तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत थांबवलं गेलं. भोवती अतिशीत पाण्याची रिमझिम होती. ढगाचा नेहमीचा थेंब 20 मायक्रॉनचा, रिमझिमीचा 200 चा. रुंदी दहापट, म्हणजे पाणी हजारपट. 2 मिलीमीटरच्या पावसाच्या थेंबात तर ढगातले 10 लाख थेंब मावतात. एवढा जड थेंब हवेच्या लाटेबरोबर वळत नाही. तो सरळ येतो, पंखावर जास्त मागे आदळतो आणि आणखी मागे वाहतो.

एटीआरच्या पंखांच्या कडेला रबरी बूट होते. त्यांत हवा भरली की ते फुगतात आणि वरचा बर्फ फोडून टाकतात. पण बूट जिथे संपत होते, त्याच्या मागे बर्फाचा आडवा उंचवटा तयार झाला. त्याच्या मागे एलेरॉन, विमान डावी-उजवीकडे कलवणारी झडप. खाली उतरताना फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या दुसऱ्या झडपा, वर घेतले, पंखाचा हवेशी कोन बदलला, उंचवट्यामागची हवा फाटली आणि तिने एलेरॉन स्वतःच ओढून नेला. ऑटोपायलट सुटला, विमान उलटलं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सोयाबीनच्या शेतात आदळलं. 68 पैकी कुणीही वाचलं नाही. विमानांना बर्फात उडण्याची मान्यता देताना तेव्हा जे थेंब गृहीत धरले जात, त्यांची कमाल मध्यम रुंदी 50 मायक्रॉन होती. मोजणी मुळात 1940 च्या दशकातली. निसर्गात त्याहून मोठे थेंब आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, नियमांच्या तक्त्यात मात्र त्यांना जागा नव्हती. एटीआरचे बूट लगेच मागे वाढवले गेले, पण मोठ्या थेंबांसाठी वेगळा तक्ता अमेरिकेच्या नियमांत यायला 2014 साल उजाडलं. वीस वर्षं. या आकड्यापाशी मी दर वेळी अडखळतो.

मोठ्या जेट विमानांच्या प्रवाशांना या सगळ्याची झळ क्वचितच लागते, त्यालाही आकडेच कारणीभूत आहेत. हवा वेगाने आदळली की तापते. जेट सेकंदाला 230 मीटर वेगाने जातं तेव्हा त्याच्या कडेवरची हवा 26 अंशांनी तापते. सेसनाच्या सेकंदाला 60 मीटरला दोन अंशसुद्धा मिळत नाहीत. जेट मिनिटाला 2,500 फूट चढतं. थरांच्या ढगातला बर्फाचा पट्टा बहुधा 3,000 फुटांहून कमी जाड असतो. सव्वा मिनिटात जेट त्यातून वर. शिवाय इंजिनातली गरम हवा पंखात सोडायला त्याच्याकडे मुबलक असते. ही उष्णतेची युक्ती उड्डाणांत सिद्ध करून दाखवल्याबद्दल लुईस रोडर्ट यांना 1946 ची कॉलियर ट्रॉफी मिळाली. क्लीव्हलंडचा बर्फाचा वाऱ्याचा बोगदा त्याच्या दोनच वर्षं आधी सुरू झाला होता, आणि तो आजही नासाच्या कामात आहे.

मग सेसनाचे पंख विजेने का तापवू नयेत? पुन्हा चमचा घ्या. सेकंदाला तीन चमचे बर्फ नुसता वितळवायला पाच किलोवॉट लागतात, पाच इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यासारखे. वाऱ्यात वाया जाणारी उष्णता त्यात धरलेलीच नाही. सेसना 172 चा अल्टरनेटर 28 व्होल्टला 60 अँपिअर देतो, म्हणजे 1.7 किलोवॉट, आणि त्यातच रेडिओ, दिवे, उपकरणं. हिशेब तिथेच संपतो. म्हणून या विमानाच्या कॉकपिटमध्ये पाटी असते: माहीत असलेल्या बर्फात उडण्यास मनाई. थोड्या महागड्या छोट्या विमानांत बूट असतात, किंवा पंखाच्या कडेला टायटॅनियमचा पत्रा, ज्यात चौरस इंचाला सुमारे 800 छिद्रं पाडलेली असतात, प्रत्येक केसाएवढं बारीक. त्यांतून ग्लायकॉलचं द्रावण पाझरत राहतं आणि बर्फाला पकडच मिळत नाही. टाकी रिकामी झाली की संरक्षणही संपतं.

उपकरणं असली म्हणजे निश्चिंत व्हावं, असंही नाही. 20 डिसेंबर 2011 ला सकाळी न्यू यॉर्कशेजारच्या टेटरबरोहून एका इंजिनाचं टर्बोप्रॉप, सोकाटा टीबीएम 700, दक्षिणेकडे निघालं. बूट होते, बर्फात उडायची मान्यता होती, इंजिनाची ताकद सेसनाच्या कितीतरी पट. आत पाच माणसं. 17,000 फुटांच्या आसपास ते तीव्र बर्फात सापडलं, ताबा गेला, आणि उड्डाणानंतर पाव तासात ते न्यू जर्सीतल्या हमरस्त्यावर कोसळलं. पाचही गेले. चौकशीत निघालं ते असं: बर्फ फार वेगाने चढत होता, अंदाजात तो नव्हता, आणि वैमानिकाने त्यातून झटकन बाहेर पडण्यासाठी आपला अधिकार वापरला नाही. बूट बर्फाशी झुंजायला असतात, अशी समजूत सहज होते. खरं तर ते बाहेर पडेपर्यंतची मिनिटं विकत घेऊन देतात.

ती मिनिटं किती मोलाची, हे सेसनाच्या बाबतीत मोजता येतं. बर्फ चढल्यावर तिला मिनिटाला 200 फूट चढता आलं, तर 3,000 फुटांचा पट्टा ओलांडायला 15 मिनिटं लागतील. त्या 15 मिनिटांत आणखी 15 मिलीमीटर बर्फ, म्हणजे 200 फुटांचा तो वेग पहिल्या काही मिनिटांतच हातातून जातो. उलट आल्या वाटेने मागे फिरायला, सेकंदाला तीन अंशांचं साधं वळण घेतलं तर, एक मिनिट पुरतं. खर्च एक मिलीमीटर. मे 1927 मध्ये अटलांटिकवर एकट्याने रात्र काढणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गला ढगात टॉर्चच्या उजेडात बर्फ दिसला तेव्हा तो वळून ढगाबाहेर आला. त्याच्याकडे बूट नव्हते, रेडिओ नव्हता, वळण तेवढं होतं.

हे सगळं आपल्यापासून लांबचं आहे, असं वाटेल. पावसाळ्यात महाराष्ट्रावर शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्याही वर असते, कळसूबाईवर कळसूबाई अशा तीन ठेवल्या तरी तिथे पोचत नाही. शिकाऊ वैमानिक त्याच्या निम्म्या उंचीवरही जात नाहीत. पंखांवर बर्फ चढायचा प्रश्नच नाही. पण बर्फ इंजिनाच्या आत होतो, आणि त्याला हिवाळा लागत नाही.

सेसना 152 हे दोन आसनी शिकाऊ विमान घ्या. त्याचं इंजिन 3.8 लीटरचं, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कार्बुरेटरचं. 2,400 फेऱ्यांना ते मिनिटाला साडेतीन घनमीटरहून जास्त हवा ओढतं. जुलैतली हवा 27 अंश, आर्द्रता 85 टक्के. अशा घनमीटरभर हवेत 22 ग्रॅम वाफ असते. म्हणजे मिनिटाला 16 चमचे पाणी कार्बुरेटरच्या गळ्यातून जातं. तो गळा मनगटाहून अरुंद. तिथे हवा फाकते आणि पेट्रोलची वाफ होते; दोन्हींमुळे तापमान एकदम उतरतं, कधी 30 अंशांहूनही जास्त. 27 मधून 30 गेले. बाहेर घामाच्या धारा, आणि गळ्यात शून्याखाली तीन अंश. बाहेर 38 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असतानाही हे घडू शकतं, असं वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकातच छापलेलं असतं. सर्वांत जास्त धोका उतरताना, थ्रॉटल मागे घेतलेला असताना: झडप जवळजवळ बंद, फट बारीक, आणि तिच्याच कडेवर बर्फ.

उपाय एक खटका आहे, कार्ब हीट. तो ओढला की एक्झॉस्टच्या नळीवरून तापलेली हवा आत येते. पण खटका ओढल्याबरोबर इंजिन सुधारत नाही, आणखी बिघडतं. फेरे उतरतात, इंजिन खोकतं, विमान हादरतं. नव्या मुलाला वाटतं, आपण चुकीचं काहीतरी केलं, आणि हात तो खटका परत ढकलायला जातो. तो हात तिथेच थांबायला हवा. गळ्यातला बर्फ सुटला आहे आणि पाणी होऊन सिलिंडरमधून चाललं आहे. थोडेसे चमचे. ते निघून जाईपर्यंत इंजिन धडपडतं, मग एक-एक सिलिंडर पुन्हा पेट घेतो आणि आवाज सरळ होतो.